पंक्चर न होणारी सायकल

सोमवार, १० फेब्रुवारी

ही डायरी पद्माकर सरांनी दिली. मागल्या वर्षाची आहे, म्हणजे छापलेला वार खोटा, मी लिहिलेला खरा. सर म्हणाले, "बिराप्पा, प्रयोग करणाऱ्या माणसानं दिसलं ते लिहून ठेवावं. कुणाला दाखवायचं नाही. मलाही नाही."

सर जन्मभर विमानाच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. आता रिटायर. कोरमंगलाच्या तिसऱ्या ब्लॉकात मोठं घर आणि घरात एकटे. बाई वारल्या, मुलगी नयना परदेशात.

दिसलं ते असं. आज परत पंक्चर. मागलं चाक, सरांच्या फाटकाशी. रोजच्यासारखं सर म्हणाले, "तू आत जाऊन डबा ठेव, कालचा रिकामा घे. मी सायकलकडे लक्ष ठेवतो, इथं चोऱ्या फार." बाहेर येऊन बघतो तर चाक बसलेलं. सरांना लई वाईट वाटलं. त्यांच्याकडं सोल्यूशन, पॅच, कानस, घमेल्यात पाणी, सगळं व्हरांड्यात तयारच असतं. पण ते घाई करू देत नाहीत. "पॅच नीट वाळू दे. तोवर चार घास खा." टेबलावर दोन ताटं होती. मी विचारलं, कुणी येणार होतं का? म्हणाले, "नाही रे, सवय." भातही नेमका जास्तीचा लावलेला. नशीबच म्हणायचं.

ऑफिसचे डबे मात्र उशिरा गेले. जमनाबाई अक्काची आडुगोडीत खानावळ आहे, तिथले डबे मी पोचवतो आणि तिथंच माळ्यावर झोपतो. अक्काची माणसं साडेतीनशे वर्षांमागं फौजेबरोबर घोड्यावरनं इकडं आली म्हणे. म्हणून तिला माझी अडचण कळत नाही. घोड्याला पंक्चर नसतं.

अक्का म्हणाली, "बिरू, ऐक. ऑफिसवाले रोज बोंब मारतात. युगादीपर्यंत बघते मी. सुधारलं तर सरी, ठीक. नाहीतर त्या मोबाईलवाल्या स्कूटरच्या पोरांना देते डबे."

मी म्हटलं, "तुम्हाला डब्याला पेट्रोलचा वास चालत नाही ना?"

"चालवून घेईन, अप्पा. वास तरी वेळेवर जाईल."

चिकपेटेत मामाच्या सोनं गाळायच्या दुकानातनं मी पळालो. बोअरच्या लॉरीवरनं उतरलो. चहाचा गाडा सोडला. जतवरनं वडील फोन करतात तेव्हा कसा हायस विचारत नाहीत, आता कुठं हायस विचारतात. ह्या वेळी उत्तर बदलायचं नाही. युगादी म्हणजे आपला पाडवा. तोवर पंक्चर न होणारी सायकल बनवायची, असं मी आणि सरांनी ठरवलं आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज सरांनी कारण शोधलं. फाटकावर बोगनवेल आहे, बाईंनी लावलेली, गुलाबी फुलांची. तिचे काटे खाली पडतात. पंक्चर फाटकाशीच होते, म्हणजे काटाच. मी म्हटलं, कापू का? सर जरा वेळ वेलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "काप."

बुडापर्यंत कापली. हाताला ओरखडे आले. झाडून रस्ता असा केला की लहान पोरानं रांगावं. सरांनी ओरखड्यांना लाल औषध लावलं आणि जेवायला वाढलं, कारण तेवढ्यात पंक्चर झाली होती. शेवटचा काटा राहिला असणार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पहिला खरा प्रयोग. सरांनी कागदावर चाक काढून दाखवलं. टायर आणि ट्यूब ह्यांच्यामधी एक चिवट पट्टी घालायची, म्हणजे काटा टायरातनं आला तरी पट्टीला अडेल. पट्टी कशाची? आडुगोडीच्या चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स पडला होता. गॉगलवाले पुढारी, हात जोडलेले, बाजूला एकोणीस कार्यकर्त्यांची तोंडं. लांबीत कापला, दुहेरी केला, दोन्ही चाकांत घातला. पुढारी मागल्या चाकात, कार्यकर्ते पुढच्या. व्हॉल्व्हपाशी नेमका गॉगल आला.

गाडी मस्त चालली. सरांकडं पोचलो. डबा ठेवून बाहेर आलो. सर व्हरांड्यात घाम पुसत होते. ह्या वयात नुसतं लक्ष ठेवायलाही कष्ट पडतात.

चाक बसलं होतं.

ट्यूब काढली तर भोक पडलेलं बाजूनं, जिथं पट्टी पोचत नाही. सर म्हणाले, "बघ. शत्रू बाजूनं आला." जेवताना त्यांनी विमानाचं टायर जमिनीला टेकतं तेव्हा काय होतं ते चमच्यानं दाखवलं. सर खूश होते. प्रयोग फसला तरी शिकायला मिळतं म्हणून असणार.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सरांकडचं सोल्यूशन संपलं म्हणून सायकल ढकलत नंजुंडप्पाकडं नेली. हा आठव्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर फूटपाथवर पंक्चर काढतो. अर्धं कन्नड, अर्धं हिंदी. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा बघितला आणि मला म्हणाला, "एनप्पा मराठी, तेरा कोई दुश्मन है क्या?"

मी म्हटलं, का?

"खिळा नाही, काटा नाही. सुई जैसा. सीधा, सफाईसे. आणि सगळे एकाच बाजूला, बघ, ओळीनं."

मी विचार करत आलो. दुश्मन म्हणजे स्कूटरचीच पोरं, माझी जागा त्यांना हवी आहे. सरांना सांगितलं तर त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, "पुराव्याशिवाय कुणावर आरोप करू नये, बिराप्पा." किती मोठ्या मनाचा माणूस. त्यांच्या शर्टाच्या खिशाला कायम एक टाचणी खोचलेली असते, ऑफिसातली सवय, कागद टाचायची. तिच्याशी ते बोलता बोलता चाळा करत होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजचा प्रयोग माझ्या डोक्यातला. टायरपर्यंत खिळा पोचूच का द्यायचा? नारळाच्या हिरांची झाडणी चाकापुढं बांधली, जमिनीला टेकेल अशी. सायकल आपल्यापुढचा रस्ता झाडत जाणार. दुसरी मागल्या चाकापुढं.

चालली पण धूळ इतकी की मी ढगातनं येतोय असं वाटायचं. चौथ्या ब्लॉकात एक बाई गेटमधनं धावत आल्या, "थांबा थांबा, स्वल्प थांबा!" मी थांबलो. त्यांनी ओल्या कचऱ्याची बादली माझ्या हँडलला अडकवली आणि ओरडल्या, "दोन दिवस कुठं होता?" मी सांगतोय मी डबेवाला, तोवर शेजारच्या दोघी सुका कचरा घेऊन आल्या. एका आजोबांनी मला गटार तुंबल्याची तक्रार दिली, ती मी घेतली. नाही कसं म्हणायचं, म्हातारा माणूस.

ऑफिसात यशोवर्धन साहेब खाली आले. पुण्याचे आहेत. म्हणाले, "अरे यार बिरू, लिटरली एक वाजलाय. आणि हा स्मेल कसला?" हँडलला केळीच्या साली लोंबत होत्या.

ऑफिसाआधी सरांना कचऱ्याचं सांगितलं तेव्हा ते इतके हसले की खुर्चीतनं उठून भिंत धरली. "नयनाला सांगायला पाहिजे," म्हणाले. फोन लावला. तिकडं रात्र होती, उचलला नाही. मग त्यांनी मलाच परत सगळं सांगायला लावलं.

पंक्चर झालीच. उभ्या सायकलीला झाडणीचा काय उपयोग?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सर म्हणाले, आता ट्यूबच्या आतनं बंदोबस्त करायचा. ट्यूबमधी पातळ खळ सोडायची. भोक पडलं की हवा बाहेर धावते, तिच्याबरोबर खळ धावते, भोकात अडकून वाळते, बूच बसतं. मैद्याची चालेल, साबुदाण्याची चालेल, असं सांगितलं.

माळ्यावर पडल्या पडल्या विचार केला. अक्काच्या दोशाच्या पिठाइतकं चिकट जगात काय आहे? परवा ओट्यावर सांडलेलं वाळलं ते उलथन्यानं निघेना. तसाच उठून व्हॉल्व्ह काढून इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं वाटीभर पीठ मागल्या ट्यूबमधी सोडलं. अक्का विचारत होती, पीठ कमी कसं? मी म्हटलं, विज्ञान. म्हणाली, "कोण? नवा भाडेकरू?"

बुधवार, २६ फेब्रुवारी

जिंकलो! सिग्नलला उभ्या उभ्याच लिहितोय.

सरांकडनं निघताना चाक टणक. टायरच्या बाजूला फक्त एक पांढरा ठिपका, बाजरीएवढा. म्हणजे काटा घुसला होता आणि बूच बसलं! सरांना हाक मारून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, बोट लावलं, बोटाचा वास घेतला. "आंबलंय," म्हणाले. टेबलावर दोन ताटं होती, पण मला घाई होती. "सर, आज वेळेवर!" म्हणून निघालो.

रिकाम्या रस्त्यावर चाक आणखी टणक लागलं. हवा न भरता हवा वाढते, हे सरांना विचारायला पाहिजे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

विचारायला उशीर झाला. काल सरांकडनं पाचव्या ब्लॉकात ऑफिसच्या गेटवर पोचलो. ऊन कडक. सिक्युरिटीवाला रणवीर माझी पिशवी त्या कुईकुई करणाऱ्या दांडीनं तपासत होता. आणि चाक फुटलं.

असा आवाज मी बोअरच्या लॉरीवरही ऐकला नाही. रणवीर आडवा झाला. पांढरं, आंबट, गरम काहीतरी त्याच्या टोपीवर, कंपनीच्या पाटीवर, एका साहेबांच्या गाडीवर. कुणीतरी वर आगीची घंटा दाबली. सगळी बिल्डिंग जिन्यानं खाली आली आणि झाडाखाली ओळीत उभी राहिली. रणवीर पडल्या पडल्या ओरडला, "ये क्या है? क्या है ये?"

मी म्हटलं, "दोसा."

पोलिसही येऊन गेले. त्यातल्या एकानं बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाला, मीठ नाही.

पण एक गोष्ट लिहून ठेवतो. काल पहिल्यांदाच सगळे डबे वेळेवर पोचले. गिऱ्हाईकं खाली, डबे खाली. यशोवर्धन साहेब झाडाखाली उभ्यानं जेवले आणि म्हणाले, "ऑनेस्टली, गरम असतं तेव्हा चांगलं लागतं."

अक्का मात्र ओरडली नाही. नुसती म्हणाली, "युगादी, बिरू." ती ओरडत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

सोमवार, १० मार्च

मधले दिवस लिहिलं नाही. रोज पंक्चर, रोज पॅच, रोज सरांकडं भात. दुसरं काय लिहायचं?

आज मात्र उठल्यावर एकदम सुचलं. पंक्चर हवेला होते. हवाच नसली तर? अक्काच्या गच्चीवर झाडांना पाणी घालायचा जुना रबरी पाइप पडून होता. चाकाच्या मापाचे तुकडे केले, टोकं तारेनं जोडली, ट्यूब फेकून टायरात दोन-दोन पाइप कोंबले. अंगठ्याची सालं निघाली. आता ह्या सायकलीत हवा नाही, फक्त पाइप.

नंजुंडप्पानं चाक दाबून बघितलं, कपाळाला हात लावला. "मराठी, ये चलेगा तो मैं क्या खायेगा?"

बुधवार, १२ मार्च

चालते. दात वाजतात, डोळ्यांपुढं एकाच्या दोन बसगाड्या दिसतात, वरच्या डब्यातलं रस्सम खालच्या भातात पोचतं. पण पंक्चर नाही.

सरांनी नेहमीप्रमाणं सायकलकडं लक्ष ठेवलं. मी आतनं लवकर आलो, रिकामा डबा दारातच होता म्हणून. सर चाकाशी उकिडवे बसून टायरच्या बाजूला टाचणी दाबत होते. अंगठ्यानं, सगळा जोर लावून. मला बघून उठले, गुडघे कडकडले.

मला भरून आलं. एवढा मोठा इंजिनियर आणि माझ्या सायकलीची तपासणी करतोय! मी विचारलं, "सर, पास?"

त्यांनी टाचणी बघितली. ती वाकून हूक झाली होती.

"पास," सर म्हणाले. "तू पास झालास, बिराप्पा." आणि आत गेले. जाताना टाचणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

डबे बाराला पोचले. अक्कानं मला जेवताना तूप जास्त वाढलं. वडिलांचा फोन आला, आता कुठं हायस? मी म्हटलं, हितंच.

सोमवार, १७ मार्च

सरांचा डबा आज भरलेला परत आला. शुक्रवारचाही तसाच होता. टेबलावर एकच ताट असतं हल्ली, तेही पालथं. मी म्हटलं, सर, तब्येत? म्हणाले, "ठीक. तू निघ, तुला उशीर होईल."

सायकलकडं लक्ष ठेवायलाही येत नाहीत. पंक्चर होत नाही म्हटल्यावर चोरीची भीतीही गेली असणार.

गुरुवार, २० मार्च

सरांनी अक्काला फोन केला. युगादीनंतर डबा बंद. नयनानं सरजापूरकडं म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा बघितली आहे, जेवण, डॉक्टर, टीव्ही सगळं आहे. सर आजवर तिला नको म्हणत होते. आता बरं म्हणाले.

अक्का तापली. "माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक आहे ते. बाई होत्या तेव्हापासनं सणाच्या पुरणाच्या होळग्या माझ्याकडच्या. काय केलंस तू त्यांना?"

"काही नाही अक्का. उलट आता पंक्चरसुद्धा होत नाही."

"मग थांबत नाहीस तिथं?"

"कशाला थांबू? वेळेवर जायचंय ना?"

अक्कानं गॅस बारीक केला. पळी तशीच हातात. मग म्हणाली, "बिरू, तुला सातवीत कुणी नापास केलं त्याला मी बरोबर म्हणते."

ह्यात शाळेचा काय संबंध ते कळलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

विचार करून डोकं दुखलं. शेवटी कळलं, पाइपच वाईट. धक्क्यानं सरांचं रस्सम भातात सांडतं, म्हणून जेवण जात नाही त्यांना. ट्यूब परत बसवायला पाहिजे. पण ट्यूब म्हणजे पंक्चर आणि पंक्चर म्हणजे स्कूटरची पोरं.

भांडी घासताना उत्तर सापडलं. इतकं सोपं की आपलंच हसू यावं. पंक्चर सरांच्याच फाटकाशी होते. मग सरांकडं शेवटी जायचं! आधी सगळी ऑफिसं, मग सर. तिथं झाली पंक्चर तर होऊ दे, पुढं कुणाला डबा द्यायचाच नाही. अक्काला सांगितलं. सर साडेअकराच्या जागी एकला जेवतील का, तेवढं विचार म्हणाली. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ताप बघितला असणार.

सोमवार, २४ मार्च

पाइप काढला, ट्यूब बसवली. गादीवर बसल्यासारखं वाटलं. ऑफिसं बाराला उरकली. सरांकडं एकला. वेळ बदलली तर चालेल का विचारलं. म्हणाले, "थोडेच दिवस आहेत, कसंही चालेल."

मी मुद्दाम सांगितलं, "सर, ट्यूब बसवलीय परत. पाइप काढला."

सर थांबले. "का?"

"रस्सम सांडतं. आणि आता तुमचा डबा शेवटचा. आता पंक्चर झाली तरी माझं काही अडत नाही, सर. संध्याकाळपर्यंत रिकामाच."

सरांनी चष्मा काढून पुसला. मी आतनं डबा घेऊन आलो तर ते फाटकाशी उभे, हात मागं बांधलेले. चाक टणक. खिडकीच्या कट्ट्यावर ती वाकडी टाचणी तशीच पडलेली.

डबा अर्धा खाल्लेला होता.

गुरुवार, २७ मार्च

तीन दिवस पंक्चर नाही. सर रोज फाटकापर्यंत येतात, खिसा चाचपतात, परत जातात. मला वाटतं त्यांना तपासणी करायची असते, पण हत्यार नाही. माझ्या पाइपानंच ती टाचणी वाकवली. माणसाची वस्तू आपण मोडली तर आपणच आणून द्यायला पाहिजे. अक्काच्या शिवणाच्या डब्यातनं एक चांगली टाचणी मागून घेतली. अक्का म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "सरांना." तिनं ती काढून घेतली आणि त्याहून जाड, मोत्याच्या डोक्याची दिली.

जुनी उचलून त्या जागी नवी ठेवली. सर आत होते. सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?

रविवार, ३० मार्च, युगादी

आज ऑफिसं बंद. सकाळी अक्कानं कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवला. गूळ आधी खाऊन मी कडुनिंब गिळला. मग म्हणाली, "युगादी झाली, बिरू. माळा आवरून ठेव." मी माझी पिशवी शोधायला लागलो. "झुरळं झालीत वर," असं पुढं बोलली. "आणि स्कूटरच्या पोरांना मी कधीच नको सांगितलंय. जा, सरांचा डबा घेऊन जा. होळग्या गरम आहेत."

हा शेवटचा डबा असणार होता. सावकाश गेलो. फाटक उघडलं. सरांनी दाढी केलेली, धुतलेला शर्ट. म्हणाले, "तू आत जाऊन डबा ठेव, बिराप्पा. मी सायकलकडे लक्ष ठेवतो. इथं चोऱ्या फार."

टेबलावर दोन ताटं होती. भाताला वाफ. मी डबा ठेवला, कालचा रिकामा उचलला. खरं तर लगेच बाहेर जाता आलं असतं. पाणी प्यालो. भिंतीवरचं विमानाचं कॅलेंडर बघितलं. नयनाचा फोन वाजत होता, तो उचलला. ती विचारत होती, बाबा कुठं आहेत. मी म्हटलं, जरा कामात आहेत.

बाहेर आलो तर चाक रिमपर्यंत बसलेलं. शेजारी सर, घाम आलेला, आणि खिशाला मोत्याच्या डोक्याची टाचणी. घमेल्यात पाणीही भरून ठेवलेलं.

"अरेरे," सर म्हणाले. "सणाच्या दिवशी. आता पॅच वाळेपर्यंत बसावं लागेल तुला." मग आत जाऊन फोनवर नयनाला सांगायला लागले, सरजापूरचं राहू दे तूर्तास, इथं एका प्रयोगात अडकलोय, अर्धवट सोडता येत नाही.

परत आले. आम्ही दोघं चाकाशी उकिडवे बसलो. "बोगनवेलीचा काटाच असणार," सर माझ्याकडं न बघता म्हणाले.

वेल मी दीड महिन्यामागं बुडापासनं कापली आहे. फाटकावर नुसती गंजकी जाळी. मी पार मुळापर्यंत बघितलं.

"असणार, सर," मी म्हटलं. "खाली फुटवे आलेत."